शालू ठरला, आता चिखलदरा!

लग्नाच्या खरेदीत सगळ्यात सोपा असतो तो शालू. खोटं वाटतंय? बघा ना. दुकानात गादीवर ठाण मांडायचं, पन्नास शालू उलगडायला लावायचे, एकावन्नावा खांद्यावर टाकल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी आलं की तोच पॅक करायला सांगायचा. विषय संपला! खरी धमाल त्यानंतर सुरू होते. कारण शालूच्या पिशवीतून घरी येते ती एक भलीमोठी यादी. नथ कुठली, पेशवाई की साधी मोत्याची? मुंडावळ्या मोत्यांच्या की खऱ्या फुलांच्या? हिरव्या चुड्याच्या मागेपुढे तोडे की पाटल्या? शिवाय वाकी, ठुशी, चिंचपेटी, कमरपट्टा, पैंजण, जोडवी, अंबाड्यावरचं फूल, बटवा आणि या सगळ्याला मॅच होणाऱ्या सँडल्स. शालू एक, बाकीचं बावीस!

आमची नवरी (लग्न होईपर्यंत तिचं हेच नाव) या बावीस वस्तूंपाशी अडकली होती. नोकरी पुण्यात, हिंजवडीत. माहेर अमरावतीचं आणि लग्नही तिथेच. सुट्टी मिळाली चार दिवसांची. शालू पुण्यातच झाला होता, हळदीसाठी विदर्भाचं करवतकाठी टसर आईने काढून ठेवलं होतं. राहिला होता तो लूक पूर्ण करणारा साज. त्यात मॅडमना हळदीसाठी हवा होता 'ट्रायबल लूक'. मोबाइलमध्ये साठ-सत्तर फोटो सेव्ह केलेले. काळपट चांदीची हसली, दंडात वाकी, पायात जाडजूड कडी, एकदम हटके! ऑनलाइन ऑर्डर द्यायला बोट पुढे गेलंच होतं, तेवढ्यात तिची तिलाच ट्यूब पेटली. "अगं, मेळघाट आपल्या उशाशी आहे. मग ट्रायबल दागिने मी गुडगावच्या गोडाऊनमधून कशाला मागवतेय?"

मुद्दा बिनतोड होता. मग काय, चारातला एक दिवस चिखलदऱ्याचा ठरला. करवली म्हणून मीही गाडीत बसले.

विदर्भाच्या नवऱ्या

निघण्याआधी थोडं अमरावतीबद्दल. नवरीच्या साजशृंगाराचा विषय निघाला की बोलायचा पहिला मान खरं तर विदर्भाचा. रुक्मिणी इथलीच, वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरची. शिशुपालाशी लग्न लागायच्या आधी नटूनथटून ती अंबेच्या दर्शनाला गेली आणि तिथूनच श्रीकृष्णाबरोबर पसार झाली. ते देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, असं इथे आजही मानतात. नवरीच्या पूर्ण गेटअपमध्ये पळून जाणारी ही बहुधा पहिलीच!

पण माझी फेव्हरिट आहे लोपामुद्रा. तीही विदर्भाची राजकन्या. महाभारताच्या वनपर्वात तिची गोष्ट येते. लग्न झालं अगस्त्य ऋषींशी. ऋषींनी पहिलं काय सांगितलं असेल? तर उंची वस्त्रं आणि दागिने उतरव. तिने निमूट उतरवले, वल्कलं नेसली, बरोबरीने तप केलं. पण पुढे अगस्त्यांना संसाराची आठवण झाली तेव्हा बाई ठामपणे म्हणाल्या की माहेरी जशी शय्या होती तशी हवी आणि मला आवडणारे दागिनेही हवेत, त्याशिवाय जमणार नाही! बिचारे अगस्त्य धनासाठी एकामागून एक तीन राजांच्या दारात गेले. तिघांचाही जमाखर्च जेमतेम जुळत होता. शेवटी इल्वल नावाच्या धनाढ्य असुराकडून संपत्ती आणावी लागली. आता सांगा, साज म्हणजे निव्वळ हौस असते का? लोपामुद्रेला विचारा!

आमच्या नवरीची आजी याच परंपरेतली. जवाहर गेटमधून अमरावतीच्या जुन्या शहरात शिरून सराफ्यात जायच्या आदल्या रात्री तिने आम्हा दोघींना समोर बसवलं आणि स्वतःचा डबा उघडला. वऱ्हाडात मंगळसूत्राला डोरलं म्हणायची जुनी रीत. गळ्यालगतची काळ्या मण्यांची ती गरसोळी. एकसारख्या सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ ती एकदाणी. आम्हाला 'चोकर' आणि 'लेयरिंग' माहीत, आजीला गरसोळी आणि एकदाणी. गळा तोच!

नवरीने मोबाइलवरचा ट्रायबल लूक आजीला दाखवला. आजीने चष्मा नाकावर सरकवून नीट पाहिलं आणि एक नियम सांगितला. "ज्याले मोडलं तं पैसा उभा राह्यते, तो दागिना. बाकी सारी सजावट व माय!"

नियम कडक होता. नवरीला तो काही फारसा पटला नाही. "आजी, हळदीच्या दोन तासांसाठी मी कशाला मोडायचा विचार करू?" सकाळी गाडीत बसताना तिचा हाच सवाल होता.

परतवाडा आणि वरचा घाट

अमरावतीहून परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर. परतवाड्याला चिकटूनच अचलपूर, म्हणजे जुनं एलिचपूर, एकेकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी नॅरोगेज 'शकुंतला' आता बंद पडली आहे, पण तिचं नाव काढलं की इथली जुनी माणसं अजून हळवी होतात. परतवाड्यातून निघालं की धामणगाव गढी आणि मग घाट. कापसाची, तुरीची सपाट काळी शेतं मागे पडतात आणि अर्ध्या तासात हवा बदलते. गाडीचा एसी बंद, काचा खाली! साधारण तीस किलोमीटरचा हा रस्ता सागवानातून वळणं घेत चिखलदऱ्याच्या पठारावर जातो. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर. खाली अकोला-अमरावती पंचेचाळीस अंशांत भाजून निघत असताना वर संध्याकाळी शाल लागते, ती याच उंचीमुळे.

हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये हे ठिकाण हेरलं आणि पुढे वऱ्हाडातले इंग्रज साहेब उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येऊ लागले. त्याआधीही हे पठार ओस नव्हतं. शेजारचा गाविलगड किल्ला कित्येक शतकांचा. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. गाविलगडाच्या नावात गवळी आहेत आणि गवळी अजून इथे आहेतही. चिखलदऱ्याच्या अलीकडे मोथा गावाजवळ थांबून खवा आणि रबडी खाल्ल्याशिवाय पुढे जाणारा पर्यटक विरळा. इथे कॉफीही पिकते. महाराष्ट्रातली कॉफी म्हटलं की चिखलदऱ्याचंच नाव निघतं. धुक्यात उभं राहून गरम कॉफी, हातात शॉपिंगची यादी... अजून काय पाहिजे?

कीचकाचा दरा, सैरंध्रीचा व्यवसाय

चिखलदरा म्हणजे 'कीचकदरा', असं इथे सांगतात. पांडव अज्ञातवासात विराटाच्या राज्यात होते तेव्हा राणीचा भाऊ कीचक द्रौपदीच्या मागे लागला. भीमाने त्याला मारून या दरीत फेकलं आणि भीमकुंडावर हात धुतले. जवळचं वैराट हे विराटाचं गाव. गाइड ही गोष्ट प्रत्येक पॉइंटवर रंगवून सांगतात, पण सगळा फोकस भीमावर! द्रौपदी त्या वर्षी काय काम करत होती, हे कुणी सांगत नाही. ती सैरंध्री होती. म्हणजे राणी सुदेष्णेची केशरचना करणं, उटणी-लेप वाटणं, फुलांचे गजरे-हार गुंफणं. आजच्या भाषेत ब्रायडल मेकअप आर्टिस्ट! वर्षभर दुसरीचे केस सजवणारी.

त्याच विराटपर्वात राजकन्या उत्तरेची एक गोड मागणी आहे. बृहन्नडा झालेला अर्जुन कौरवांशी लढायला निघाला, तर ही त्याला म्हणाली की माझ्या बाहुल्यांसाठी त्या वीरांची रंगीबेरंगी, तलम वस्त्रं घेऊन ये. रणांगणावरून मॅचिंग! अर्जुनाने ती आणलीही. आणि पर्वाच्या शेवटी याच उत्तरेचं अभिमन्यूशी लग्न लागलं. तर सांगायचा मुद्दा असा की या डोंगराच्या गोष्टीतच नटणं आहे, सजणं आहे, लग्नही आहे. आपण उगाच फक्त व्ह्यू पॉइंट मोजतो.

गिलट की चांदी?

मेळघाटात दुकानांपेक्षा आठवडी बाजार मोठे. गावागणिक वार वेगळा. भाजी, मीठ, सुकी मासळी, कपडे आणि एका बाजूला मण्या-बांगड्यांची दुकानं. दिवाळीनंतरच्या आठवड्यांत हेच बाजार 'घुंगरू बाजार' होतात. ठाट्या मंडळी सजून, घुंगरू बांधून नाचत बाजारात येतात. होळी हा तर कोरकूंचा वर्षातला सगळ्यात मोठा सण. मजुरीसाठी बाहेर गेलेली माणसं त्यासाठी घरी परततात.

आम्ही गेलो त्या बाजारात ना घुंगरू होते, ना होळी होती. पण एका ताडपत्रीवर अख्खा मोबाइल पसरला होता! हसली, कडी, करदोडा, वाकी, रंगीत काचमण्यांच्या माळा... नवरीचे डोळे लकाकले. तिने एक हसली उचलून गळ्याला लावली. वजनाला हलकी, दिसायला झकास.

"चांदी आहे का काकू?"

काकू हसल्या. "नाही व बाई. गिलट आहे. चांदी घालाले बसली तं मी इथं बसली असती काय?"

गिलट म्हणजे चांदीसारखा दिसणारा स्वस्त मिश्रधातू. जर्मन सिल्व्हर हे त्याचंच एक पॉश नाव. तांबं, जस्त आणि निकेल, चांदी नावापुरतीही नाही. यात फसवणूक म्हणून काहीच नाही, कारण काकूंनी स्वच्छ सांगितलं. फसवणूक होते ती शहरातल्या चकाचक दुकानात. तिथे यालाच 'ऑक्सिडाइज्ड ट्रायबल सिल्व्हर लूक' म्हणतात आणि 'लूक' हा शब्द बारीक अक्षरात असतो. ऑक्सिडाइज्ड हा शब्दही मजेशीर. चांदीवरचा तो काळेपणा ऑक्सिजनचा नसतोच मुळी, गंधकाचा असतो. खऱ्या चांदीलाही तो मुद्दाम देतात आणि गिलटवरही काळी छटा चढवता येते, त्यामुळे काळं दिसलं म्हणजे जुनं आणि जुनं म्हणजे खरं, असा हिशेब करू नका. लोहचुंबकाची ट्रिकही अर्धवट. चुंबक लोखंड पकडतो, गिलट बहुतेक वेळा सुटून जातं. शंका असेल तर सराफाच्या मशीनवर शुद्धता तपासून घ्या. अजून एक. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांना अशा दागिन्याने पुरळ उठतं. हळद, घाम आणि निकेल हे कॉम्बिनेशन फोटोत अजिबात चांगलं दिसत नाही! म्हणून घ्यायचाच असेल तर आठवडाभर आधी घ्या, एक संध्याकाळ घालून बघा.

नवरीने हसली घेतली. दोनशेच्या नोटेतून सुटे परतही मिळाले. बावीसपैकी एक टिक. पण कड्यांपाशी मात्र ती थबकली. गिलटची कडी आतून पोकळ होती, पायात घातल्यावर टिनाच्या डब्यासारखी वाजली. फोटोतल्या त्या कड्यांचा वजनदार रुबाब काही येईना.

देवी पॉइंटवरची कडी

तो रुबाब तासाभराने दिसला. देवी पॉइंटला खडकातल्या गुहेत देवीचं ठाणं आहे आणि वरच्या दगडातून पाणी झिरपत असतं. दर्शन घेऊन बाहेर आलो तर पायरीवर एक कोरकू आजी बसली होती. लुगडं, कपाळावर आणि हातांवर गोंदण, आणि दोन्ही पायांत चांदीची भरीव कडी. वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली, काळी अजिबात नाही.

इथे जरा कोरकूंबद्दल. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' लागलं की अनेकवचन. कोरकू म्हणजे माणसं! त्यांची भाषा मुंडा कुळातली. तिचं नातं मराठी-हिंदीशी नाही, पार झारखंडातल्या संथाळी आणि मुंडारीशी आहे. सगळ्या मुंडा भाषांमध्ये सर्वांत पश्चिमेला बोलली जाते ती हीच. त्यांच्या जुन्या रीतीत लग्नाचं देणं मुलाच्या घराकडून मुलीच्या घरी जातं. हे वधूमूल्य देणं जमलं नाही तर मुलाने सासऱ्याकडे राबून ते फेडायचीही चाल होती. म्हणजे सगळं आलबेल असं नाही, या देण्यासाठीही कर्ज होतंच. पण मुलगी म्हणजे बापाच्या डोक्यावरचं ओझं, हा आपल्याकडचा हिशेब तिथे उलटा लागतो.

आजीची कोरकू, आमची शहरी मराठी, मध्ये मोडकीतोडकी हिंदी. नवरीने धाडस करून विचारलंच. "आजी, ही कडी विकणार का? चांगले पैसे देते."

आजी रागावली नाही. तिने पाय पुढे केला आणि कडं फिरवून दाखवलं. ते फिरत होतं, पण टाचेवरून निघण्यातलं नव्हतं. सोनाराने पायातच ठोकून बसवलेलं. काढायचं तर त्यानेच उघडायचं. लग्नात बसवलं होतं, ती म्हणाली. त्यानंतर एकदाच निघालं. पिकं गेली होती, घरात आजारपण होतं. कडी परतवाड्याला गहाण पडली. दोन वर्षं पाय मोकळे होते. "तब पाँव हलका लगता था," ती म्हणाली. "चलने का मन नहीं होता था." मग मजुरीचे पैसे साठवून तिने स्वतः सोडवून आणली आणि सोनारापुढे पुन्हा पाय ठेवला. आता ती कुणाला जाणार, तेही ठरलंय. धाकट्या नातीला.

नवरी काहीच बोलली नाही. ती पायरीवर आजीच्या शेजारी बसली आणि तिला स्वतःचे लग्नाचे मेंदीचे नमुने दाखवू लागली. आजीने आपलं गोंदण पुढे केलं. हे मात्र सोनारही काढू शकत नाही, मरताना बरोबर येतं, असं म्हणून ती खळखळून हसली.

मेळघाट हे नाव १९९३ च्या सुमारास कुपोषणाच्या बातम्यांनी देशभर पोचलं. पीक गेलं, मजुरी थांबली, मूल आजारी पडलं की अशा घरात बाईच्या अंगावरची चांदीच आधी सराफाकडे जाते. बऱ्याचदा ती परत येत नाही, वितळते. उरतं ते गिलट. एकीकडे आपण शहरात 'ट्रायबल ज्वेलरी'चे फोटो सेव्ह करतो आणि दुसरीकडे ज्या बायकांवरून तो लूक उचलला, त्यांच्या पायातून खरी चांदी निघून चाललीय. हिशेब करून बघा. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोला दीड लाख रुपयांच्या पुढे गेला. त्या दराने अर्ध्या किलोची कड्यांची जोडी म्हणजे ७५ हजार रुपये. एका मजूर बाईच्या पायात, तिच्या एकटीच्या मालकीचे! अमरावतीची आजी म्हणाली होती तेच हे. मोडलं तर पैसा उभा राहतो. आणि या आजीने त्यात भर घातली. तो पैसा कुणाचा, हेही ठरलेलं असावं लागतं.

आता तुमच्या यादीबद्दल

तर मैत्रिणींनो, परतीच्या घाटात आमच्या नवरीने यादीची नव्याने मांडणी केली. बावीस वस्तूंचे दोन कॉलम. एक 'दागिना', दुसरा 'सजावट'. सजावटीला अजिबात कमी लेखायचं नाही! मुंडावळ्या, गजरा, बटवा, गिलटची हसली, मोत्यांची इमिटेशन नथ... एका दिवसाची मजा आहे, मनसोक्त करा. फक्त तिच्यावर दागिन्याचे पैसे घालू नका. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला आणि घरोघरी पेशवाई नथीची क्रेझ आली. अशा क्रेझसाठी इमिटेशनच बेस्ट.

दागिन्याच्या कॉलमला मात्र तीन प्रश्न विचारा. वजन किती? शुद्धता किती? मालकीण कोण?

वजनाचं आधी. आजीचा तोळा आणि तुमचा तोळा एक नाही बरं का! जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या व्यवहारातला १० ग्रॅमचा. आजीची पाच तोळ्यांची एकदाणी म्हणजे सव्वा अठ्ठावन्न ग्रॅम. मोडीत देताना कुणी पन्नास धरले तर आठ ग्रॅम सोनं गुल. म्हणून सगळं ग्रॅममध्येच बोला आणि घडणावळ बिलात वेगळी लिहून घ्या. आमच्या नवरीने तर एकदाणी मोडलीच नाही. पटवेकऱ्याकडून नवीन रेशमी गोंड्यात ओवून घेतली. खर्च फक्त ओवणावळीचा आणि शालूवर अशी काही खुलली म्हणता!

शुद्धतेचं दुसरं. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्किंग जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्क दागिना विकता येत नाही. हा नंबर मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाका, दागिन्याची कुंडली समोर येते. पत्रिका जुळवतो तसं हेही जुळवा! चांदीचं हॉलमार्किंग ऐच्छिक आहे, पण १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीलाही असाच नंबर मिळू लागलाय. म्हणजे जोडवी-पैंजण घेतानाही मागायला हरकत नाही. वऱ्हाडात चांदीसाठी आणखी एक नाव घ्यायलाच हवं, बुलडाणा जिल्ह्यातलं खामगाव. शुद्ध चांदीसाठी 'रजतनगरी' म्हणून ते ओळखलं जातं आणि दसरा-दिवाळीला लांबून लोक तिथे खरेदीला येतात.

आणि तिसरं, मालकीचं. हे मात्र खरेदीच्या गडबडीत कुणीच बोलत नाही. लग्नात नवरीला मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधनावर पूर्ण मालकी बाईची, सासरी ते सांभाळायला दिलं म्हणून सासरचं होत नाही. २०२४ मध्ये न्यायालयाने हेच पुन्हा ठासून सांगितलं. नवऱ्याने अडचणीत वापरलं तरी परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. शिवाय १९८५ च्याच नियमांनुसार लग्नातल्या भेटींची यादी करायची असते. वस्तू कोणती, अंदाजे किंमत, कुणी दिली, नातं काय, आणि खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. आपल्याकडे लग्नात याद्या होतातच की! मानपानाच्या यादीत मामाचा फेटा विसरला तर महाभारत होतं. मग नवरीच्या दागिन्यांची यादी करायला लाज कसली? आमच्या नवरीने होणाऱ्या नवऱ्याला घाटातूनच फोन लावला. रेंज जात-येत होती, पण तो शहाणा निघाला. म्हणाला, "दोन प्रती कर, एक तुझ्या बँक लॉकरमध्ये ठेव."

मग शेवटी काय घेतलं?

भाड्याने ठरवलेला भरगच्च 'टेम्पल सेट' रद्द झाला. त्या पैशांत परतवाड्याच्या सराफ्यात भरीव चांदीची, साध्या घडणीची कडी झाली. देवी पॉइंटच्या आजीची कॉपी नव्हे, थोडी बारीक, ऑफिसच्या पँटखालीही घालता येतील अशी. सराफाने काट्यावर वजन दाखवलं, बिलावर ग्रॅम लिहिले, नाव नवरीचं घातलं. "मालक कोन?" असं त्याने विचारलं तेव्हा तिच्या वडिलांनी खिशात हात घातला होता. ती म्हणाली, "बाबा, ही माझ्या पगारातून." वडील क्षणभर हिरमुसले आणि मग सगळ्यांना सांगत सुटले!

हळदीच्या दिवशी टसर, गिलटची हसली, काचमण्यांच्या दोन माळा आणि पायात खरी कडी. फोटोग्राफर सारखा चेहऱ्यावर फोकस करत होता आणि ही त्याला खाली पायांकडे बघ म्हणून सांगत होती.

जाताय? मग हे वाचा

कसं जाल : रेल्वेने बडनेरा किंवा अमरावती. तिथून परतवाडामार्गे चिखलदरा सुमारे ८० ते ८५ किलोमीटर. परतवाड्याहून एसटी मिळते. घाटात धुकं असेल तर घाई नको, अंधार पडायच्या आत वर पोचा.

कधी जाल : जुलै ते सप्टेंबर धुकं आणि धबधबे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कडक थंडी. शांतता हवी असेल तर वीकएंड टाळा.

काय बघाल : भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट (इथे मारलेली हाक डोंगर परत करतात, नवऱ्याचं नाव घ्यायला बेस्ट जागा!), गाविलगड.

प्री-वेडिंग शूट : आजूबाजूचं जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं. १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याचा समावेश झाला. वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय जंगलात कॅमेरे, ड्रोन आणि लांब घेराचे घागरे नकोत. गावातल्या बायकांना बॅकग्राउंड म्हणून उभं करू नका, फोटो काढायचा तर आधी विचारा.

काय आणाल : मोथ्याचा खवा, चिखलदऱ्याची कॉफी. पाहुण्यांना द्यायला काही वेगळं हवं असेल तर धारणी तालुक्यात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथल्या कारागिरांच्या बांबूच्या राख्या दूरदूर जातात.

आणि बाजारात, पायरीवर किंवा एसटीत एखाद्या कोरकू आजीच्या पायातली कडी तुम्हाला फारच आवडली, तर किंमत विचारू नका. सोनाराचा पत्ता विचारा. ती आनंदाने सांगेल.